इंग्लंडमधल्या किराणा दुकानात भारतातली औषधं आणि विषारी गोळ्या विकल्या तर शिक्षा काय होते?

प्रश्न थोडक्यात असा: भाच्याने लेस्टरमध्ये भारतीय किराण्याचं दुकान चालवायला घेतलंय. गिऱ्हाईकं क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, बेटनोव्हेट, गुडघेदुखीच्या आणि 'नसांच्या' गोळ्या, झालंच तर धान्यात टाकायच्या गोळ्यासुद्धा मागतात. मुंबईहून मसाल्यांचा माल येतोच, त्यात हेही थोडं मागवलं तर काय बिघडेल? पकडलं गेलंच तर दंड भरून सुटका होते ना?

आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर. परवाना नसलेलं औषध विकणं किंवा चिठ्ठीवरचं औषध चिठ्ठीशिवाय देणं यासाठी ब्रिटनमध्ये 2012 च्या ह्यूमन मेडिसिन्स रेग्युलेशन्सखाली जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड आहे, आणि इंग्लंड-वेल्समध्ये त्या दंडाला वरची मर्यादा नाही. गोळी नियंत्रित, म्हणजे नशेसाठी गैरवापर होणाऱ्या औषधांच्या यादीतली निघाली तर प्रकरण 1971 च्या मिस्यूज ऑफ ड्रग्ज ॲक्टखाली जातं. तिथे औषधांचे अ, ब, क असे वर्ग आहेत, अ सर्वांत घातक. क आणि ब वर्गातल्या औषधाच्या पुरवठ्याला 14 वर्षांपर्यंत कैद आहे, अ वर्गासाठी जन्मठेपेपर्यंत. आणि दंड भरला म्हणजे विषय संपला, असं तिथे होत नाही. दंडाच्या मागून विक्रीच्या पैशांची वसुली येते, आणि भाचा व्हिसावर असेल तर त्याचा मुक्काम धोक्यात येतो. छोट्या दुकानदाराला दंडापेक्षा या दोन गोष्टी जास्त महागात पडतात.

आता एकेक वस्तू घेऊ, कारण घोळ तिथेच होतो.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. इंग्लंडमध्ये पॅरासिटामॉल पेट्रोल पंपावरही मिळतं, मग क्रोसिनलाच हरकत का? तिथला कायदा गोळीत काय आहे हे बघण्याआधी खोक्यावर काय छापलंय ते बघतो. ब्रिटनमध्ये विकायच्या प्रत्येक औषधाच्या खोक्यावर 'पीएल' ही अक्षरं आणि त्यापुढे तिरक्या रेघेने तोडलेला आकडा असतो. तो एमएचआरए या औषध नियामक संस्थेने दिलेल्या विक्री परवान्याचा क्रमांक. नोंदणीकृत वनौषधीवर 'टीएचआर' असतं. 1 जानेवारी 2025 पासून औषधाच्या खोक्यावर 'यूके ओन्ली' असा शिक्काही लागतो. मुंबईच्या बाजारासाठी छापलेल्या खोक्यावर यातलं काहीच नसतं. तेव्हा आतलं पॅरासिटामॉल शंभर टक्के चांगलं असलं तरी ते परवाना नसलेलं औषध ठरतं, आणि ते विकायला काढणं हाच गुन्हा होतो.

कॉम्बिफ्लाममध्ये 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तिथे 200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनचं लहान पाकीट किराणा दुकानात चालतं, पण 400 ची गोळी फार्मसीतूनच द्यावी लागते. दोन्ही एकत्र असलेली परवानाधारक गोळी बाजारात आहे, तीही फार्मसीपुरतीच. म्हणजे भाच्याचा इथे दुहेरी गुन्हा होतो: औषध बिनपरवान्याचं, आणि फार्मसीत विकायचं औषध किराण्यात विकलेलं. आपल्याकडच्या निमेसुलाइड या दुखण्याच्या गोळीला तिथे परवानाच नाही, त्यामुळे त्या गोळीचं कुठलंही पाकीट चालत नाही.

बेटनोव्हेट आणि त्या जातीच्या स्टेरॉइड मलमांवरूनही तिथल्या भारतीय दुकानांमध्ये धाडी पडतात. गोरं दिसण्यासाठी, खरजेसाठी, बाळाच्या पुरळासाठी, सगळ्यासाठी लोक ती मागतात. चिठ्ठीशिवाय फार्मसीतून मिळणारी स्टेरॉइड मलमं अगदी मोजकी: 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि 0.05 टक्के क्लोबेटासोन, दोन्ही 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये. बीटामेथासोन (म्हणजे बेटनोव्हेटमधलं औषध) आणि क्लोबेटासॉल ही दोन्ही चिठ्ठीवरचीच. दोन नावांतला फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण क्लोबेटासोन मध्यम आणि क्लोबेटासॉल अतिशय तीव्र. आपल्याकडे मिळणाऱ्या, स्टेरॉइड-अँटिबायोटिक-बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांचीही तीच गत.

गुडघ्याच्या आणि 'नसांच्या' गोळ्यांपाशी मात्र जरा थांबायला हवं. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या माणसाला आपल्याकडे बरेचदा मिथाइलकोबालामिन आणि प्रीगाबालिन एकत्र असलेली गोळी लिहून देतात. घरात तिचं नाव 'बी-ट्वेल्व्हची गोळी' पडतं. दुकानदाराला वाटतं व्हिटॅमिन आहे, कुणाला काय बाधणार! पण प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन 1 एप्रिल 2019 पासून ब्रिटनमध्ये क वर्गातली नियंत्रित औषधं आहेत. ट्रामाडॉल 2014 पासून क वर्गात आहे, झोपेची झोपिक्लोनही. कोडीन ब वर्गात. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाला फार्मसीत आधी चिठ्ठी लागत नसे, 2024 मध्ये तेही चिठ्ठीवर गेलं. आणि आपल्याकडे हाडांचे डॉक्टर सर्रास लिहून देतात ते टॅपेंटाडॉल तिथे अ वर्गात आहे, म्हणजे हेरॉइनच्या रांगेत. या एका गोळीची भारतालाही चांगलीच झळ बसली. पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जाणाऱ्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल गोळ्यांचा माग महाराष्ट्रातल्या उत्पादनापर्यंत पोचल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली. तेव्हा पट्टीवरचं ठळक नाव वाचून भागत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'इच टॅब्लेट कंटेन्स' लिहिलेलं असतं, ते वाचायला हवं.

आपल्याकडची आणखी एक सवय म्हणजे पट्टी कापून चार गोळ्या देणं. इंग्लंडमध्ये परवानाधारक पॅरासिटामॉलसुद्धा तसं देता येत नाही. फार्मसी नसलेल्या दुकानात औषध विकायचं तर ते कारखान्यातून आलेल्या बंद पाकिटातच गिऱ्हाइकाच्या हातात गेलं पाहिजे, आणि दुकान लोकांना बाहेर ठेवून बंद करता येईल अशी जागा पाहिजे. आठवडी बाजारातल्या टेबलावर किंवा गाडीच्या डिकीतून विकणं त्यामुळेच बाद. पाकिटाच्या आकाराची मर्यादा 1998 पासून आहे: किराण्यात 16 गोळ्या, फार्मसीत 32. दुकानदार एका वेळी दोनच पाकिटं देतात ती नियामकाच्या सल्ल्यावरून पडलेली पद्धत आहे. कायद्याची रेघ 100 गोळ्यांवर आहे, त्याहून जास्त एका वेळी चिठ्ठीशिवाय विकल्या तर गुन्हा. सर्दीच्या गोळ्यांतल्या सुडोएफेड्रिनला वेगळी मर्यादा, एका व्यवहारात 720 मिलिग्रॅम, आणि तीही फक्त फार्मसीत. त्यापासून मेथॅम्फेटामिन बनतं म्हणून ही मोजणी.

काहींना पळवाट सुचते: 'विकत नाही, ओळखीच्यांना फुकट देतो.' चिठ्ठीवरच्या औषधाबाबतचं कलम 'विकणं किंवा पुरवणं' असं म्हणतं, त्यात पैसे घेतलेच पाहिजेत अशी अट नाही. दुसरी पळवाट भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीची. पुण्याच्या एमडी डॉक्टरांची चिठ्ठी ब्रिटनमध्ये औषध देण्यासाठी ग्राह्य नाही. तिच्यावर औषध देणारा फार्मासिस्टही बिनचिठ्ठीचं दिल्याच्या गुन्ह्यात अडकतो. आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांनी स्वतःची औषधं स्वतःच्या सामानात आणणं हा सरळ मार्ग. त्यात नियंत्रित औषध असेल तर तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम आणि तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. मात्र डॉक्टरचं पत्र जवळ हवं: नाव, प्रवासाच्या तारखा, औषधांची नावं, मात्रा, एकूण गोळ्या आणि सही. त्यांनी आणलेल्यातल्या दोन पट्ट्या दुकानात ठेवल्या, की 'स्वतःसाठी' ही सवलत तिथेच संपली.

आयुर्वेदाबद्दलही विचारलं जाईलच. वनौषधींच्या तयार गोळ्या-काढ्यांना टीएचआर नोंदणी लागते, जुन्या मालाला दिलेली मुदत 30 एप्रिल 2011 ला संपली. रसौषधींमध्ये पारा, शिसं, सोमल (म्हणजे आर्सेनिक) असतो. ती शेल्फवर दिसली की तपासनीस ती उचलून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि मग परवान्याचा प्रश्न मागे पडून विषाचा पुढे येतो. कुचल्यातलं स्ट्रिकनीन हे तिथल्या विषांच्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं आहे.

आता त्या यादीकडे वळू. ब्रिटनमध्ये विषविक्रीचा मुख्य कायदा 1972 चा पॉयझन्स ॲक्ट. 2015 मध्ये त्याची रचना मुळापासून बदलली आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा कडक झाली. यादीचे दोन भाग समजून घ्यायचे. पहिला भाग परवान्याचा: सायनाइडं, आर्सेनिकची संयुगं, स्ट्रिकनीन, ॲल्युमिनियम फॉस्फाइड वगैरे. स्फोटकांना लागणारी रसायनंही याच कायद्यात येतात, उदाहरणार्थ 15 टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे नाला साफ करायचं ॲसिडसुद्धा. सर्वसामान्य माणसाला यातलं काही आणायचं, बाळगायचं किंवा वापरायचं असेल तर गृह खात्याचा परवाना लागतो. विकणाऱ्याने तो परवाना आणि फोटो ओळखपत्र ताडून बघायचं आणि परवान्यावर व्यवहाराची नोंद करायची. दुसरा भाग कळवण्याचा: परवाना लागत नाही, पण व्यवहार संशयास्पद वाटला तर 24 तासांच्या आत कळवायचं. गिऱ्हाईक वापर सांगू शकत नाही, नेहमीपेक्षा फार जास्त मागतो, रोख देऊन घाईने निघतो, ओळखपत्र म्हटलं की विषय बदलतो, ही लक्षणं. माल चोरीला गेला किंवा हिशेबात कमी भरला तरी 24 तासांतच. परवान्याशिवाय बाळगणं, आणणं किंवा देणं याला कमाल दोन वर्षं कैद.

धान्यात टाकायच्या गोळ्या म्हणजे बहुधा हेच ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटते आणि साधारण एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. हा वायू भिंतीतल्या फटीतून, पाइपाच्या भोकातून शेजारच्या घरात जातो. पूर्व लंडनच्या शॅडवेलमध्ये डिसेंबर 2021 मध्ये एका इमारतीत ढेकणांसाठी ठेवलेल्या अशाच विषाने वरच्या शाळकरी मुलीचा जीव गेला. इथे नुसत्या पॉयझन्स ॲक्टची दोन वर्षं राहत नाहीत, सदोष मनुष्यवधाच्या कलमापर्यंत मजल जाऊ शकते. भारतातही या गोळ्यांच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आहेत, गावोगाव त्या सहज मिळतात हा भाग वेगळा. ही वस्तू मागवायचीच नाही. मुंग्या-झुरळांचा खडू, बिनछापाचे उंदीरमार वडे, नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या यांचा कायदा वेगळा, कीटकनाशकांचा, पण उत्तर तेच: ब्रिटनचा मंजुरी क्रमांक डब्यावर नसेल तर विकायचं नाही.

विष विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची सही घ्यावी ही कल्पना तिकडे जुनी आहे. 1851 च्या आर्सेनिक ॲक्टने सोमल विकताना तो काजळी किंवा निळीने रंगवायचा, अनोळखी माणसाला द्यायचा झाल्यास दोघांच्या ओळखीचा साक्षीदार ठेवायचा आणि वहीत सही घ्यायची असं ठरवलं. मोडलं तर 20 पौंडांपर्यंत दंड. तरी 1858 मध्ये ब्रॅडफर्डला गोळीबिस्किटवाल्याच्या मालात भेसळीच्या पांढऱ्या पुडीऐवजी सोमल गेला, सुमारे 20 माणसं मेली आणि 200 हून जास्त आजारी पडली. खटला झाला, शिक्षा कुणालाच झाली नाही. मग 1868 चा फार्मसी ॲक्ट आला: विष विकायचं तर नोंदणी झालेल्या माणसानेच, पुडीवर 'विष' हा शब्द आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता. दंड पहिल्यांदा 5 पौंड, पुढच्या वेळी 10. आपला 1919 चा पॉयझन्स ॲक्ट त्याच वळणाचा, त्यात मुळात पहिल्या गुन्ह्याला तीन महिने किंवा 500 रुपये ठेवले होते. आपल्याकडे औषधं आणि विषं हे दोन कायदे वेगवेगळे वाढले. ब्रिटनने 1933 मध्ये दोन्ही एकाच फार्मसी अँड पॉयझन्स ॲक्टमध्ये बांधले, आणि हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूरला त्याच विचाराचे कायदे मिळाले.

'मला माहीत नव्हतं' याचं काय होतं, ते एका निकालात दिसतं. स्टॉर्कवेन या फार्मसीत बनावट चिठ्ठ्यांवर फायसेप्टोन, रिटालिन आणि व्हॅलियम दिलं गेलं. चिठ्ठी खोटी आहे हे फार्मासिस्टला कळायला मार्ग नव्हता, हे सरकारी बाजूलाही मान्य होतं. तरीही 1986 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फार्मसीला दोषी ठरवलं. कारण कलम म्हणतं, योग्य डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्या. चिठ्ठी डॉक्टरची नव्हती, म्हणजे कलम मोडलं. मनात काय होतं हा प्रश्नच येत नाही. फार कठोर निकाल होता, यात वाद नाही. पुढे नियमांमध्ये सूट घातली गेली: फार्मासिस्टने सगळी योग्य काळजी घेतली असेल आणि चिठ्ठी खरी मानायला वाजवी कारण असेल तर बनावट चिठ्ठीसाठी तो दोषी नाही. मात्र 'काळजी घेतली' हे तोंडाने सांगून चालत नाही. दवाखान्याला फोन केल्याची वेळ, कुणाशी बोललो, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तपासला का, हे त्याच दिवशी वहीत पाहिजे. किराणा दुकानदाराला या सुटीचा उपयोग शून्य, कारण त्याने कुठलीच चिठ्ठी तपासलेली नसते.

शिक्षा ठरते कशी, हे बघा. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात औषध नियमांच्या या गुन्ह्यांना फक्त दंड होतो. 12 मार्च 2015 पासून इंग्लंड-वेल्समध्ये त्या दंडाची 5,000 पौंडांची जुनी मर्यादा गेली. प्रकरण वरच्या, क्राउन कोर्टात गेलं तर दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकान कंपनीच्या नावावर असलं तरी संचालकाच्या संमतीने, कानाडोळ्याने किंवा हलगर्जीने झालं असेल तर संचालकावर वेगळा गुन्हा लागतो. काउंटरवरचा पोऱ्यादेखील सुटत नाही. प्रत्यक्ष विकणाऱ्या नोकरालाच 'विकणारा' मानायचं, हे 1890 मध्येच कोर्टात ठरलेलं आहे.

मग वसुली. 2002 च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्टचा हिशेब दुकानदाराच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो. समजा भाच्याने सात महिन्यांत 6,000 पौंडांचा असा माल आणून 9,000 ला विकला. त्याच्या मते फायदा 3,000. कोर्टाच्या मते 9,000, कारण सगळी विक्रीच गुन्ह्यातून आली. त्याहून गंभीर म्हणजे, एखादा गुन्हा सहा महिने किंवा जास्त चालला असेल आणि त्यातून 5,000 पौंड किंवा जास्त मिळाले असतील, तर कायद्याच्या भाषेत ही 'गुन्हेगारी जीवनपद्धती' ठरते. मग खटला सुरू होण्याआधीच्या सहा वर्षांत त्याच्याकडे आलेला पैसा गुन्ह्यातलाच आहे असं कोर्ट धरून चालतं, आणि तसं नाही हे त्यालाच दाखवावं लागतं. दुकानाच्या पागडीसाठी मामाने नाशिकहून पाठवलेले दहा लाख, लग्नात आलेला आहेर, सोनं मोडून आलेली रक्कम, सगळ्याचे कागद शोधत बसा. वसुली भरली नाही तर 10,000 पौंडांपर्यंतच्या रकमेसाठी सहा महिन्यांपर्यंत जादा कैद, आणि ती भोगूनही देणं फिटत नाही. मॅजिस्ट्रेटकडे फक्त दंड झाला म्हणून हे टळत नाही. सरकारी पक्षाने मागितलं तर प्रकरण केवळ वसुलीसाठी क्राउन कोर्टात पाठवलं जातं.

व्हिसा: ब्रिटिश नागरिक नसलेल्याला 12 महिने किंवा जास्त कैद झाली की 2007 च्या कायद्याने देशाबाहेर काढण्याची कारवाई आपोआप सुरू होते, काही अपवाद सोडून. त्याहून कमी शिक्षाही पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते आणि नकाराचं कारण होऊ शकते.

घरात कुणी फार्मासिस्ट असेल आणि 'त्याच्या नावावर फार्मसी काढू' असा विचार असेल, तर आपल्याकडचा भाड्याच्या सर्टिफिकेटचा धंदा डोक्यातून काढून टाका. तिथे प्रत्येक फार्मसीत दर वेळी एक जबाबदार फार्मासिस्ट नोंदलेला असतो, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. तो कधी आला, कधी गेला याची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. दिवसाच्या कामकाजात तो जास्तीत जास्त दोन तास बाहेर असू शकतो, आणि तेवढ्या वेळात देखरेखीला दुसरा फार्मासिस्ट नसेल तर काउंटरमागची औषधं विकता येत नाहीत. 16 च्या पाकिटातलं पॅरासिटामॉल चालतं. भारतातला बी.फार्म. झालेला मुलगा तिथे थेट फार्मासिस्ट होत नाही. एक वर्षाचा रूपांतर अभ्यासक्रम, मग वर्षभराचं प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा. तोवर छातीवर 'फार्मासिस्ट' असा बिल्ला लावला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे.

नोंदणी झालेल्याला कोर्टापलीकडे जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल या फार्मासिस्टांच्या नियामक संस्थेची भीती असते: ताकीद, अटी, 12 महिन्यांपर्यंत निलंबन, आणि नोंदणीतून नाव काढणं. चूक आणि बेकायदा विक्री यांत मात्र तिथे आता फरक करतात. 2009 मध्ये प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रानोलोल दिल्याबद्दल एका बदली फार्मासिस्टला स्थगित कैदेची शिक्षा झाली होती. अपिलात ती 300 पौंड दंडावर आली. त्यावरून इतका गदारोळ झाला की 16 एप्रिल 2018 पासून कायद्यात बचाव आला: नोंदणीकृत फार्मसीत, व्यवसायाच्या ओघात, अनवधानाने चूक झाली आणि लक्षात येताच रुग्णाला कळवलं, तर गुन्हा नाही. चूक दडवली की हा बचाव गेला.

इतर देशांचे आकडे थोडक्यात. हाँगकाँगमध्ये बिननोंदणीचं औषध किंवा पहिल्या भागातलं विष विकणं-बाळगणं याला प्रत्येक गुन्ह्यामागे एक लाख हाँगकाँग डॉलर आणि दोन वर्षं. सिंगापूरमध्ये बिननोंदणीचं औषध पुरवलं तर 50,000 सिंगापूर डॉलर, दोन वर्षं किंवा दोन्ही. मलेशियात 1952 च्या सेल ऑफ ड्रग्ज ॲक्टखाली व्यक्तीला पहिल्यांदा 25,000 रिंगिट किंवा तीन वर्षं, पुन्हा केलं तर 50,000 किंवा पाच वर्षं. कंपनीला दंड दुप्पट. अमिरातीत विक्री राहू द्या, कोडीन-ट्रामाडॉल स्वतःसाठी नेतानाही निघण्याआधी ऑनलाइन मंजुरी काढावी लागते.

भाच्याच्या दुकानात हा माल आधीच आला असेल तर आज करायचं ते असं. विक्री थांबवा आणि माल शेल्फवरून काढून एका खोक्यात बंद करा. प्रत्येक वस्तूचं नाव, बॅच क्रमांक, नग आणि कुणाकडून आला हे लिहून खोक्यावर तारीख टाका. रात्रीतून कचऱ्यात टाकू नका आणि पुरवठादाराला परतही पाठवू नका. पुरावा नष्ट केल्याचा संशय मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त अडचणीचा ठरतो, आणि परत पाठवणं हा घाऊक परवान्याशिवाय केलेला आणखी एक पुरवठा समजला जाऊ शकतो. विषारी गोळ्यांचा डबा उघडू नका, ओल्या जागेत ठेवू नका, पाणी तर अजिबात लावू नका. तो हलवण्याआधी स्थानिक कौन्सिलला किंवा पोलिसांच्या 101 क्रमांकावर विचारा. डबा फुटला असेल किंवा वास येत असेल तर सगळ्यांना बाहेर काढून 999. आणि लगेच गुन्हेगारी कायद्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील गाठा. स्वतःहून कळवायचं की नाही, कुणाला आणि कोणत्या शब्दांत, हे त्याने ठरवायचं.

एमएचआरए किंवा ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे (कौन्सिलच्या व्यापार-तपासणी विभागाचे) अधिकारी अनेकदा आधी साध्या गिऱ्हाइकासारखे येऊन खरेदी करून गेलेले असतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा हातात पावती असते. ओळखपत्र मागा, जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी सहीसह घ्या. 'फक्त गप्पा मारायला या, तुमच्या मर्जीने' असं बोलावलं तरी ती मुलाखत ताकीद देऊन, ध्वनिमुद्रित होते आणि कोर्टात वापरली जाते. काउंटरवर उभ्या उभ्या 'सगळेच विकतात हो, पलीकडच्या गल्लीतही मिळतं' असं बोललेलं वाक्यदेखील वहीत उतरवलं जातं. त्यातून माल काय आहे हे दुकानदाराला माहीत होतं, एवढं मात्र सिद्ध होतं.

कायदेशीर विक्री करायची असेल तर ती सोपी आहे. ब्रिटनमधल्या घाऊक औषध परवानाधारकाकडून किंवा नेहमीच्या कॅश-अँड-कॅरीतून पीएल क्रमांकाची, सर्वसाधारण विक्रीची पाकिटं घ्या: 16 चं पॅरासिटामॉल, 200 मिलिग्रॅमचं आयब्युप्रोफेन, आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्या. बिलं जपून ठेवा, मुदतीची तारीख दर महिन्याला बघा, पाकिटं लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा, काउंटरमागच्या फळीवर ठेवा. कुणी क्रोसिनच पाहिजे म्हणून हटून बसलं तर हेच औषध दुसऱ्या नावाने हातात द्या. बेटनोव्हेट मागणाऱ्याला शेजारच्या फार्मसीचा पत्ता सांगा.